हरळीपायी

ठाकुर्लीच्या गोदूबाईने आपल्या सख्ख्या दिराची दोन बोटं खुरप्याने उडवली, ही गोष्ट कल्याणच्या बाजारात पुढे कितीतरी दिवस चघळली जात होती. ज्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं ते सांगायचे, की बाई ताडमाड आहे, तिच्या अंगात येतं, आणि त्या दिवशी तिने तुटलेली बोटं पदरात बांधून घरी नेली. यातलं काही खरं नव्हतं. गोदूबाई चणीने लहानखुरी, काळीसावळी बाई होती. अंगात यायला तिला सवड नव्हती, आणि बोटं उचलली ती तिने नाही, दिराच्या बायकोने. खरं एवढंच, की बोटं तुटली, आणि तुटली ती हरळीपायी.

तिचं माहेर बाळकुमचं. बाप पोपट खाडीच्या कडेला भाजीची वाडी करायचा. वाडीत गोड्या पाण्याची एक विहीर होती, पण होळी जवळ आली की तिचं पाणी मचूळ व्हायला लागायचं. तोवर जे वांगं, मुळा, माठ निघेल ते काढून घ्यायचं. त्यामुळे पोपट पाण्याला सोन्यासारखा जपायचा, आणि तणावर त्याचा दात होता. गोदू आठ-नऊ वर्षांची असताना तिने खुरपलेल्या वाफ्यात एका वांग्याच्या बुडाशी चिमूटभर लव्हाळा राहिला. पोपटने तो पाहिला, पोरीच्या दंडाला धरून तिला त्या वाफ्यात बसवलं आणि ऊन कलेपर्यंत उठू दिलं नाही. घसा सुकून तिची जीभ टाळ्याला चिकटली, तरी पाण्याचा घोट दिला नाही. स्वतः मात्र तिच्यासमोर तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायला.

"आता समजलं, वांग्याला काय होतं ता?" तो म्हणाला. "तन आधी पितं. पीक नुसतं बगत रातं."

बापाचा राग तिने आयुष्यभर धरला. पण त्या दिवसापासून तिला तण दिसलं की हात आपोआप खाली जायचा.

लग्न होऊन ती ठाकुर्लीला आली. नवरा विश्राम बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्याचा धाकटा भाऊ धाकू बोलायला वाघ. सासऱ्याच्या मागे भातशेतीचं एकच मोठं खाचर होतं. दोघा भावांनी मध्ये बांध घालून ते वाटून घेतलं. वरचा तुकडा धाकूला गेला, खालचा विश्रामला. दोन बैल होते, तेही एकेक. भाऊ वेगळे निजत, वेगळे जेवत, पण नांगर एकत्रच धरत. वाटणी झाल्याचं बैलांना कधी कळलं नाही.

सत्तेचाळीसच्या श्रावणात, गावागावात झेंडे लागले त्याच आठवड्यात, विश्रामला त्याच्याच बैलाने शिंगावर घेतलं. भातलावणीसाठी चिखलणी चालली होती. बैलाचं नाव हौशा. त्याच्या डोळ्याजवळ गोमाशी चावली म्हणा, की पाय रुतला म्हणून बिथरला म्हणा, त्याने मान फिरवली आणि विश्रामचं पोट फाडलं. खाटेवर घालून त्याला कल्याणला नेलं, पण वाटेतच त्याने प्राण सोडला. त्याला अग्नी देऊन परत आल्या-आल्या धाकूने घरातली कुऱ्हाड काढली आणि गोठ्याकडे धावला. दारात गोदू उभी.

"सर बाजूला, वयनी! भाऊ खाल्लाय त्याना माजा!"

"बैल मारलास तं चिखलनी कोन करंल?"

धाकूची कुऱ्हाड खाली आली. दाराशी जमलेल्या बायकांनी कानाला हात लावले. नवऱ्याची राख अजून गरम आहे आणि हिला चिखलणीची पडली आहे! गोदू काय बोलली ते सगळ्यांनी ऐकलं. पण तेराव्यानंतर तिने गोठ्याचं दार आतून लावून घेतलं, बांबूचा फोक मोडेपर्यंत त्या बैलाला बडवलं आणि मग त्याच्याच मानेवर डोकं टेकून हंबरडा फोडला, तो मात्र शेजारच्या दोन घरांनीच ऐकला. दुसऱ्या दिवशी तिने हौशाला औताला जुंपलं. बाईने नांगर धरला की पाऊस पळतो म्हणतात. तिने धरला. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत लागला म्हणून लोक गप्प राहिले. नाहीतर तोही दोष तिच्याच माथी आला असता.

पुढच्या वर्षी धाकूला रेल्वेत कोळसा ओढायचं काम लागलं. त्याने आपला बैल विकला आणि वहिनीला सांगितलं, "माजाबी तुकडा तूच कर. वाल झाला की अर्धा मना दे."

इथे वालाचं थोडं सांगायला हवं. त्या भागात भात कापलं की शेतं मोकळी होतात, पण जमिनीच्या पोटात पावसाचं पाणी अजून मुरलेलं असतं. त्या ओलीवर वाल पेरायचा. मग ज्येष्ठापर्यंत आभाळातून काही पडत नाही, पहाटेचं दव काय ते. विहिरीचं पाणी नाही, पाटाचं नाही. जमिनीने जेवढं राखून ठेवलं तेवढ्यावर वालाने उगवायचं, फुलायचं आणि शेंग धरायची. भरल्या हंड्याला खाली बारीक भोक असावं तसा तो सगळा कारभार. उशीर केला की ओल खाली जाते, आणि तण राहू दिलं की ओल तणाच्या पोटात जाते. गोदू भात कापल्यावर दम न खाता पेरायची आणि तण बोटाएवढं असतानाच खुरपून काढायची. मोठं झाल्यावर काढलेल्या तणाने त्याचं पिऊन घेतलेलं असतं, हे तिला बाळकुमच्या उन्हात बसून कळलं होतं. त्या वर्षी दोन्ही तुकड्यांत वाल असा माजला, की वाटेवरून जाणारे थांबून बघायचे.

त्यातला अर्धा वाल धाकूच्या घरी पोचला आणि तिथूनच बिघडलं.

कूळकायदा आला होता. कसेल त्याची जमीन, हे शब्द चहाच्या दुकानातही लोक बोलत होते. कल्याणला कुणीतरी धाकूच्या कानाशी लागलं. तुझ्या जमिनीत दुसऱ्याचा हात आहे, उद्या त्याचंच नाव लागेल, मग बस बोंबलत. कायद्यात भावजयीचं नाव तसं लागत होतं की नव्हतं, देव जाणे. धाकूने कुणा जाणत्याला विचारलं नाही. तो तडक शेतावर आला.

"वयनी, उद्यापासून माजे शेतान पाय नको."

"कनाला?"

"नको म्हंजे नको. नाव लावशील."

गोदूला आधी हसू आलं. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं. "मी नाय करत. तू कर. नायतं दुसऱ्या कोनाला दे. पन पड नको टाकू."

"माजी जमीन हाय. पड टाकीन नायतं डोक्यावर घेऊन नाचीन."

त्याने जमीन न कसता पड टाकली. भाताच्या जागी त्या पावसात गवत उठलं. कल्याणच्या एका गवळ्याने ते म्हशींसाठी घेतलं, आणि घाम न गाळता पैसा येतो हे पाहून धाकू खूश झाला. गवताच्या बुडाशी हरळी बसली होती, ती कापून जात नव्हती.

त्या हिवाळ्यात गोदूच्या वालाच्या बांधाकडच्या ओळी पौषातच पिवळ्या पडल्या. दुसऱ्या हिवाळ्यात अर्धं शेत माना टाकून उभं राहिलं. आधी तिला वाटलं कीड असेल. तिने पानं उलटी करून पाहिली, काही नव्हतं. मग तिने खुरप्याने माती उकरली. शेताच्या खालच्या टोकाला वीतभर खोल गेल्यावर मुठीत माती धरली तर तिचा लाडू वळत होता. बांधाजवळ हातभर खणलं तरी मूठ उघडताच भुगा सांडायचा. आणि त्या भुग्यात, बांधाच्या खालून, सुंभासारख्या पांढऱ्या दोऱ्या वालाच्या मुळांत शिरल्या होत्या. वरच्या तुकड्यातली ओल पूर्वी झिरपत खाली यायची आणि तिच्या वालाला माघापर्यंत पुरायची. आता ती वरच संपत होती, आणि खालची प्यायला हरळी बांध ओलांडून आली होती.

तिने ती दोरी उपटली, ओढत-ओढत धाकूच्या अंगणात नेली आणि त्याच्या पायाशी टाकली.

"बग. तुजी हरली माजं पानी पितंय."

धाकू जेवायला बसला होता. त्याची बायको विमल भाकरी वाढत होती. ती थबकली. धाकूने घास चावत म्हटलं, "गवताला सांग ना मंग. मना काय सांगतंस?"

"मना तुजे बाजूनं बांधालगत चार हात साफ करू दे. नाव नको मना. तू उभा राहून बग हवं तं."

"शेतान पाय टाकलास तं तंगडी मोडीन."

तिने पाय टाकला नाही. आपल्या बाजूने, बांधाला लागून, कमरेइतका खोल चर खणला. मध्ये येईल ती हरळीची मुळी कोयत्याने तोडली. हाताला फोड आले, फुटले, फडकी बांधून ती खणत राहिली. बांध धसेल, असं म्हणत धाकू एका सकाळी कामावरून तसाच आला. तो चर बुजवू लागला, ती त्याच चरात उतरून उभी राहिली. त्याने तिच्या अंगावर माती लोटली. तिने ती दोन्ही हातांनी उलट त्याच्या तोंडावर भिरकावली. मग त्याने फावड्याचा दांडा घातला. तो तिने हातावर झेलला आणि मनगट कडाडलं. त्या आवाजाने धाकूसुद्धा दचकला. पण हात आखडला तो क्षणभरच. ती वर चढून यायला लागली तसा त्याने दुसरा दांडा पाठीत घातला, आणि ती चरातच कोसळली.

हाडवैद्याने मनगट बांधलं. ते वाकडंच बसलं. त्या सालचा वाल गेला तो गेला.

बायकांनी सांगितलं, सोड आता, माहेरी जा. ती गेली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. पुढल्या माघात धाकूच्या तुकड्यातलं गवत वाळून सोन्यासारखं पिवळं झालं, गवळ्याची माणसं दुसऱ्या दिवशी कापायला यायची होती. भर दुपारी गोदूने चुलीतलं निखाऱ्याचं खापर उचललं, वारा बघितला आणि गवताच्या कडेला ओतलं. आग फटाफट तडकत उठली. गवतातले उंदीर, सरडे सैरावैरा धावले. एक मुंगूस पेटत्या शेपटीने तिच्या पायाजवळून गेलं. विमल ओरडत आली, पोरं रडत आली. वारा मध्येच फिरला आणि आगीने बांध ओलांडून गोदूच्याही वालाचा कोपरा खाल्ला. ती तो विझवायला हलली नाही. काळं मैदान धुमसत होतं आणि ती बांधावर उभी राहून त्याच्याकडे बघत होती. इतकं मोकळं तिला विश्राम गेल्यापासून वाटलं नव्हतं.

पण हरळी जळते ती वरची. आठ-पंधरा दिवसांत त्या राखेतून हिरव्या सुया डोकावू लागल्या. ते पाहून ती वेड्यासारखी नखांनी माती ओरबाडू लागली.

धाकूने आग विसरली नाही. बावन्न सालच्या पावसात तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं तिला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं. त्या हिवाळ्यात तिने वाल पेरला तो बांधापासून लांब, शेताच्या खालच्या अंगाला. जेवढी ओल तेवढेच दाणे. रोज जाऊन वाकड्या मनगटाने खुरपायची. पौषात तो फुलावर आला.

त्या सकाळी ती भाकरी बांधून शेतावर आली, तर तिच्या वालात गवळ्याच्या म्हशी होत्या. बांध एका ठिकाणी फोडला होता. धाकू काठी घेऊन मागून म्हशी आत हाकत होता. म्हशींनी वेल तुडवले होते, फुलं तोंडात घेतली होती, आणि एक मधोमध आरामात बसली होती.

 गोदू धावत गेली आणि खुरप्याची उलटी मूठ पहिल्या म्हशीच्या नाकाडावर हाणली. म्हैस उधळली, बाकीच्या तिच्यामागे. धाकूने मागून येऊन गोदूचा बुचडा धरला, तिला आडवी पाडली आणि तिचं तोंड तुडवलेल्या वेलांत दाबलं.

"घे! पी! पी तुजं पानी!"

तिच्या नाकातोंडात माती गेली. त्याचा उजवा हात तिच्या गालाजवळ जमिनीत रोवलेला होता, त्यावर भार देऊन तो तिला दाबत होता. तिला दिसत होता तो तेवढा हात. लहानपणापासून जे करत आली तेच तिने केलं. मातीलगत खुरपं ओढलं.

धाकूची किंकाळी स्टेशनापर्यंत गेली म्हणतात. पहिली दोन बोटं गेली होती. तशाही स्थितीत त्याने डाव्या हाताने काठी उचलली आणि तिच्या खांद्यावर अशी घातली, की हाड आत मोडलं आणि तो खांदा पुढे जन्मभर उतरता राहिला. मग तोच गुडघ्यावर बसला, हात पोटाशी धरून लहान मुलासारखा रडत. रक्त वालाच्या पानांवर सांडत होतं. विमल धावत आली. तिने वेलात चाचपून बोटं शोधली, पळसाच्या पानात घेतली, जशी काही ती परत लावायचीच आहेत. मग पदर फाडून नवऱ्याचा हात बांधला आणि गोदूकडे वळून एवढंच म्हणाली, "मर तू, बाय."

पोलीस आले, कल्याणला खटला उभा राहिला. गोदूने का मारलं ते सांगितलं. "माजे वालाचं पानी पिलं त्याचे हरलीनं." कारकुनाने 'पाण्यावरून भांडण' असं लिहून घेतलं. धाकूच्या वकिलाने विचारलं, विहीर कुणाची? ती म्हणाली, विहीर नाही. पाट? पाट नाही. मग कसलं पाणी? लोक हसले. न्यायाधीश म्हातारे होते, कोकणातले, घरची शेती पाहिलेले. त्यांनी हसणाऱ्यांना गप्प केलं. "बाई काय म्हणते ते मला कळतंय," ते म्हणाले. "ओल चोरीला जाते, आणि तिची फिर्याद कुठे घेत नाहीत. पण बाई, बोटं ती बोटं." त्यांनी तिला सक्तमजुरी दिली आणि धाकूला मारहाणीबद्दल दंड केला.

ठाण्याच्या तुरुंगात ती कुणाशी फारशी बोलली नाही. एकदा एका दांडग्या बाईने तिच्या ताटातली भाकरी उचलली, तेव्हा गोदूने तिचा हात असा धरला की ती बाई भाकरी ठेवून निघून गेली. एवढंच. बाकी दिवसभर धान्य निवडायचं काम असे. डोळे मिटले की तिला ती पांढरी दोरी दिसायची, वालाच्या मुळाला विळखा घातलेली.

सुटून ती ठाकुर्लीला आली तेव्हा फाल्गुन होता. घराचं छप्पर एका बाजूला बसलं होतं. गोठ्यात मात्र हौशा होता, वाळलेला पण जिवंत, आणि पुढ्यात ताजा पेंढा. शेतावर गेली तर बांध कुठे आहे तेच ओळखेना. वरपासून खालपर्यंत दोन्ही तुकड्यांवर हरळीची एकच चटई पसरली होती.

संध्याकाळी विमल आली. तिच्या गालावर जुना काळानिळा डाग होता.

"बैलाला तू घालत होतीस?" गोदूने विचारलं.

"मुका जीव. त्याना काय केलं?" विमल उंबऱ्याबाहेरच बसली. धाकूचं काम गेलं होतं. दोन बोटांविना फावडं पेलवत नव्हतं. गवळ्यानेही पाठ फिरवली होती, निव्वळ हरळीला कोण विचारतो. धाकू दिवसभर ओटीवर बसायचा आणि सांजवेळी बायकोला मारायचा. "पोरांना काय घालू, बाय? दोनी तुकडं तू कर. मी हाताखाली येतंय."

"नवऱ्याला विचारलंस?"

"विचारलं तं मारील."

"नाय विचारलं तरी मारील."

"मंग काम करून मार खाईन. बसून खातंय त्यापेक्षा बरा."

चैत्रात त्या दोघींनी खणायला घेतलं. जमीन विटेसारखी झाली होती, भेगांत पाय जाईल इतकी तडकलेली. हरळी नांगरून चालत नाही. तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवं घर करतो. कुदळीने ढेकळं उलथायची, मुळ्या झटकून काढायच्या, उन्हात टाकायच्या, वाळल्या की जाळायच्या. उतरत्या खांद्याने गोदूला कुदळ डोक्यावर नेता येत नव्हती, ती कमरेपासून घाव घालायची. प्रत्येक घावाला तोंडातून शिवी निघायची, कधी बापाला, कधी धाकूला, कधी मेलेल्या विश्रामला. विमल आधी घाबरायची, मग तीही शिव्या देऊ लागली. हातांची सालं गेली. घाम डोळ्यांत उतरून दिसेनासं व्हायचं. बायकांचा तो अवतार पाहून रस्त्याने जाणारा माणूस वळसा घालून जायचा.

बांध ओलांडून त्या वरच्या तुकड्यात गेल्या त्या दिवशी धाकू आला. डाव्या हातात काठी होती. त्याने ती विमलच्या पाठीत घातली. ती पडली, उठली आणि पुन्हा कुदळ मारू लागली. त्याने परत घातली. ती परत उठली. तिसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा गोदू दोघांच्या मध्ये आली, कुदळ छातीशी धरून.

"बाय, नको!" विमल ओरडली. "एकदा झालं ता बस."

 कुदळीचा दांडा गोदूने इतका आवळला होता की फुटलेल्या तळव्यांतलं रक्त त्यावरून ओघळत होतं.

"माजी बोटां घेतलीस तू," धाकू म्हणाला.

"घेतली. आनि तुना माजं मनगट घेतलं, खांदा घेतला. पानी कोनी घेतलं?" तिने पायाजवळचा मुळ्यांचा गुंता उचलून त्याच्या छातीवर फेकला. "नाव लागंल म्हनून भेतंस ना? कसंल त्याचं नाव ना? मंग कस! धर कुदल! तुजंच नाव लाव!"

तिने कुदळ त्याच्या पायांपुढे जमिनीत हाणली आणि हात सोडले. आता त्याने काठी घातली असती तर अडवायला तिच्याजवळ काही नव्हतं.  धाकू ढेकळावर बसला. कुदळीला त्याने हात लावला नाही. दोघी पुन्हा कामाला लागल्या, गोदू हातांनीच मुळ्या ओढू लागली. ऊन उतरल्यावर त्या पाणी प्यायला झाडाखाली गेल्या, तेव्हा तो उठला, डाव्या हाताने वाळलेल्या मुळ्या गोळा करून त्याने ढीग रचला आणि पेटवला. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या आधी शेतावर होता.

त्या वैशाखात त्यांनी किती हरळी जाळली याला सुमार नाही. धूर आठवडेच्या आठवडे हलत नसे. पावसात शेजाऱ्याचा एक बैल मागून आणला, हौशाच्या जोडीला जुंपला आणि दोन्ही तुकड्यांत भात लावलं. धाकू आणि गोदू बोलत नव्हते. काही सांगायचं असलं तर विमलला सांगायचे, ती पलीकडे सांगायची.

पाऊस त्या साली गणपतीनंतर तोंड दाखवायला आला नाही. भात कसंबसं हाती लागलं. वाल पेरायच्या वेळी ओल इतकी खाली गेली होती, की गावातल्या अर्ध्या लोकांनी पेरलंच नाही. गोदूने दाणे रात्रभर भिजवून खोल टोकले आणि मग रोज उठून शेतावर. कुठे हिरवा टिपूस दिसला, की तो वालाचा नसेल तर गेला. विमल म्हणायची, बाय, एवढंसं राहिलं तर काय होतं. गोदू तेवढंही उपटायची. माघ लागला तेव्हा आजूबाजूची शेतं करपून भुरी पडली होती. यांचा वाल बुटका होता, पण हिरवा होता, आणि त्याला शेंगा होत्या.

माघातल्या एका संध्याकाळी पोरांनी हट्ट धरला म्हणून पोपटी लावायचं ठरलं. वालाच्या कोवळ्या शेंगा मीठ-ओवा लावून मडक्यात भरायच्या, मडकं शेतातच उपडं घालून वर पेंढा पेटवायचा. त्या मडक्याच्या बुडाशी आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला लागतो, त्याच्याशिवाय पोपटीला वास येत नाही. भांबुर्डा काही कुणी पेरत नाही. तो वालात आपला आपण उगवतो, पावलागणिक सापडतो. विमल सूप घेऊन निघाली आणि हात हलवत परत आली. दोन्ही तुकड्यांत भांबुर्ड्याचं एक झाड नव्हतं. गोदूने एकही राहू दिलं नव्हतं.

"आता?" पोरं रडवेली झाली.

धाकू बांधावर पाठमोरा बसला होता. त्याचे खांदे हलायला लागले. विमलला वाटलं, काय झालं याला. तो हसत होता. शेवटी विमल तीन शेतं ओलांडून शेजाऱ्याच्या करपलेल्या वालात गेली, तिथे वालापेक्षा भांबुर्डाच जास्त होता, आणि सूपभर पाला घेऊन आली. धाकूने मडकं लावलं. शेंगा वाफाळत्या बाहेर आल्या तेव्हा त्याने चार सोलून पाहिल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "मीठ कमी हाय, वयनी."

"पुढल्या येळेला तू लाव," गोदूबाई म्हणाली.

त्यानंतर दोघं बोलू लागले, म्हणजे मीठ, बैल आणि जमिनीचा वाफसा एवढ्यापुरतं. धाकूने विमलला मारणं साफ थांबवलं असं नाही, पण गोदूबाई घरात असली की त्याचा हात उठत नसे, म्हणून ती बराचसा वेळ त्याच घरात असायची. पुढल्या हिवाळ्यात विमलने शेताच्या कोपऱ्यात पोपटीपुरती भांबुर्ड्याची चार झाडं राखायची परवानगी मागितली. गोदूबाईने जागा बघितली, माती मुठीत दाबून पाहिली, आणि दोन राखू दिली.